प्रिंटचा कंस आणि भागाकाराचा घोळ: पायथन ३.० चा इतिहास वाचताना

मागच्या वर्षी गाइडनी एक काम दिलं. दिसायला किरकोळ होतं. मराठी मजकुरावरच्या एका जुन्या प्रबंधातला एक तक्ता नव्याने काढून दाखवायचा, शब्दाच्या सरासरी लांबीचा. स्क्रिप्ट होती, मजकुराच्या फाइली होत्या, तक्ताही समोर होता. म्हटलं, चारच्या चहाच्या आत संपेल.

स्क्रिप्ट सुरुवातीलाच अडकली. प्रिंटच्या पुढे कंस नव्हते, म्हणजे कोड पायथन २ च्या काळातला. कंस घातले. स्क्रिप्ट सुरळीत चालली आणि जे उत्तर आलं ते तक्त्यातल्या आकड्याच्या जेमतेम एक तृतीयांश होतं. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. दोन दिवस मी फाइलींवर संशय घेत बसलो. तिसऱ्या दिवशी वैतागून फक्त दोन शब्दांची फाइल बनवली: ‘मराठी भाषा’. स्क्रिप्ट करते ते एवढंच, की प्रत्येक शब्दाची लांबी मोजायची, बेरीज करायची, शब्दसंख्येने भागायचं. पायथन २.७ वर उत्तर आलं १३. पायथन ३ वर आलं ४.५. आणि कोणत्याही शाळकरी पोराला विचारलं असतं, तर त्याने म-रा-ठी तीन आणि भा-षा दोन असं बोटांवर मोजून सांगितलं असतं, सरासरी अडीच.

एक फाइल, एक स्क्रिप्ट, तीन उत्तरं. यातली पहिली दोन उत्तरं वेगळी का, याचं कारण ३ डिसेंबर २००८ या तारखेत आहे. त्या दिवशी पायथन ३.० बाहेर आलं. आजची पोस्ट त्याबद्दल आहे. तुमच्यापैकी बरेच जण आता पीएचडीच्या तयारीत आहेत आणि पहिल्या सहा महिन्यांत कुणाची तरी जुनी स्क्रिप्ट तुमच्या हातात पडणारच आहे, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

आधी थोडी पार्श्वभूमी. गिडो व्हान रॉसम यांनी पायथनचं काम डिसेंबर १९८९ मध्ये सुरू केलं, ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या गणित आणि संगणकशास्त्राच्या संस्थेत, नाताळच्या सुट्टीतला उद्योग म्हणून. १९९१ मध्ये भाषा लोकांसमोर आली. ऑक्टोबर २००० मध्ये २.० आलं. तोपर्यंत वापरणारे वाढले होते आणि सुरुवातीच्या काळातले काही निर्णय बोचायला लागले होते. पण चालू भाषेत असे निर्णय फिरवता येत नाहीत, कारण लोकांचा चालता कोड मोडतो. मग ‘हे आपण पायथन ३००० मध्ये बघू’ असं म्हणायची पद्धत पडली. नाव अर्थातच थट्टेतलं. विंडोज २००० चे ते दिवस होते.

२००६ मध्ये थट्टा संपली. पेप ३००० हा दस्तऐवज आला आणि ठरलं की एक आवृत्ती अशी काढायची जी जुन्या कोडशी सुसंगत राहणार नाही. पेप म्हणजे पायथन एन्हान्समेंट प्रपोजल. भाषेत बदल सुचवणारा, त्याची कारणं आणि नाकारलेले पर्याय नोंदवणारा हा कागद. इतिहास लिहिणाऱ्याला असं दफ्तर क्वचितच मिळतं, याबद्दल पुढे बोलू. पेप ३००० मध्ये एक शहाणपणाची अट होती: जुनी सुसंगतता मोडायची, पण भाषा पहिल्यापासून नव्याने लिहायची नाही. शेजारचं उदाहरण समोरच होतं. पर्ल ६ ची घोषणा २००० मध्ये झाली आणि ती भाषा प्रत्यक्ष यायला २०१५ उजाडलं. शेवटी तर २०१९ मध्ये तिचं नावच बदलून राकू करावं लागलं. पायथनवाल्यांनी सगळं घर पाडलं नाही, काही भिंती पाडल्या. एवढंच, की त्या भिंतींना टेकून कोण कोण बसलंय याचा अंदाज चुकला.

आता कुणालाही विचारा, पायथन ३ मध्ये काय बदललं? ‘प्रिंटला कंस लागतात.’ हे उत्तर मी मुलाखतीत ऐकलंय, वर्गात ऐकलंय, पूर्वी मीही दिलंय. यात चूक तरी कुणाची म्हणायची? ३.० मध्ये नवं काय हे सांगणारा अधिकृत लेख स्वतः व्हान रॉसम यांनी लिहिला आणि त्यात ठेचा लागण्याच्या जागांच्या यादीत पहिलं प्रिंटच आहे. मजकूर आणि बाइट यांचा बदल पाचवा येतो. यादीतला क्रम म्हणजे महत्त्वाचा क्रम असं आपण नकळत धरतो. कागदपत्रं वाचताना ही सवय मोडायला हवी.

प्रिंटचा बदल गोंगाट करतो. जुना कोड नव्या पायथनवर चालतच नाही, एरर येते, तुम्ही कंस घालता, विषय संपतो. तुमच्या निष्कर्षाला धक्का लागत नाही. असे गोंगाट करणारे बदल त्रासदायक असतात, पण धोकादायक नसतात. धोका असतो तो गप्प बदलांचा, जिथे कोड आधीही चालतो, नंतरही चालतो, आणि उत्तर बदलतं. माझ्या दोन शब्दांच्या फाइलीत असे दोन बदल एकमेकांत मिसळले होते. ते वेगळे करून पाहू.

पहिला भागाकार. पायथन २ मध्ये ७ ला २ ने भागलं की ३ यायचे. दोन्ही संख्या पूर्णांक असल्या की उत्तरही पूर्णांक, बाकी सोडून द्यायची. हा सी भाषेकडून आलेला वारसा. सीमध्ये तो खपून जातो, कारण तिथे प्रत्येक चलाचा प्रकार आधी लिहावा लागतो. पायथनमध्ये तसं लिहावं लागत नाही. त्यामुळे एकच सूत्र ७ दिले की एक उत्तर देतं आणि ७.० दिले की दुसरं. कार्नेगी मेलन विद्यापीठात ॲलिस नावाची त्रिमितीय प्रोग्रॅमिंग शिकवणारी प्रणाली होती, तिच्या आत पायथन वापरलं होतं. नवख्या विद्यार्थ्यांचं निरीक्षण करताना त्या गटाला दिसलं की एक भागिले दोनचं उत्तर शून्य येतं तिथे मुलं हमखास गोंधळतात. त्यांनी आपल्यापुरतं पायथन बदलूनच घेतलं. मोशे झाडका आणि व्हान रॉसम यांचा पेप २३८ हा २००१ सालचा. त्यात ठरलं की एक तिरकी रेघ म्हणजे खरा भागाकार आणि दोन तिरक्या रेघा म्हणजे पूर्णांकी भागाकार. दोन रेघांचं चिन्ह त्याच वर्षअखेरीस आलेल्या २.२ मध्ये मिळालं. पण एका रेघेचा अर्थ बदलला थेट ३.० मध्ये.

म्हणजे सात वर्षांची नोटीस. भाषेच्या बाजूने यापेक्षा जास्त काय करणार? तरी नोटीस दिली की पोचली असं नसतं. ज्याने स्क्रिप्ट एकदा लिहिली, प्रबंध सादर केला आणि नोकरीला लागला, त्याच्यापर्यंत ती कशी पोचणार? शिवाय पायथन २ चा कोड ३ मध्ये आणायला टू-टू-थ्री नावाचं साधन दिलेलं होतं, ते प्रिंटला इमानेइतबारे कंस घालतं, पण भागाकाराला हात लावत नाही. लावणार तरी कसा? त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना पूर्णांक येणार की अपूर्णांक, हे कोड चालल्याशिवाय कळतच नाही.

माझ्या उदाहरणात २७ भागिले २ म्हणजे १३.५. पायथन २ ने त्यातले अर्धे गिळले आणि १३ दिले. पण २७ आले कुठून? ‘मराठी भाषा’ मध्ये सत्तावीस काय आहे?

इथे दुसरा बदल येतो, आणि माझ्या मते पायथन ३.० चं खरं कारण हाच आहे. पायथन २ मधली साधी स्ट्रिंग म्हणजे मजकूर नव्हे, बाइटची माळ. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, त्यामुळे फरक जाणवत नाही. देवनागरीचा प्रत्येक युनिकोड घटक यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतो. ‘मराठी’ मध्ये म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी असे पाच घटक, ‘भाषा’ मध्ये चार. एकूण नऊ, नऊ त्रिक सत्तावीस. जुनी स्क्रिप्ट अक्षरं मोजतच नव्हती, बाइट मोजत होती. आणि तक्त्याच्या डोक्यावर मात्र ‘अक्षरसंख्या’ असं छापलेलं.

पायथन २.० पासून युनिकोड स्ट्रिंगचा वेगळा प्रकार होता, अवतरणचिन्हाच्या आधी ‘यू’ लावून लिहायचा. मग अडचण काय? अडचण अशी की दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळता यायचे. साधी स्ट्रिंग आणि युनिकोड स्ट्रिंग जोडली की पायथन साध्या स्ट्रिंगमधल्या बाइट आस्की आहेत असं मुकाट्याने धरून चालायचं. मजकूर इंग्रजी असेल तर धरलेलं खरं ठरायचं. आस्कीत १२७ पर्यंतचेच आकडे बसतात आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक घटक २२४ या आकड्याच्या बाइटने सुरू होतो. त्यामुळे मराठीचा एक शब्द आला की गाडी रुळावरून खाली. ‘ऑर्डिनल नॉट इन रेंज’ ही एरर ज्यांनी त्या काळात भारतीय भाषांवर काम केलं त्यांना झोपेतही आठवत असेल. कोड बरोबर आहे की चूक, हे त्यात कुठल्या भाषेचा मजकूर येतो यावर ठरायचं. इंग्रजीत काम करणाऱ्या प्रोग्रॅमरला तो दोष वर्षानुवर्षं दिसायचा नाही, आणि एखाद्या दिवशी ग्राहकाच्या नावात एक उच्चारचिन्ह आलं की सर्व्हर कोसळायचा. आपल्याला तो पहिल्याच दिवशी दिसायचा.

३.० ने हे मिसळणंच बंद केलं. स्ट्रिंग म्हणजे मजकूर, युनिकोडमधला. बाइट हा वेगळा प्रकार. एकाचा दुसरा करायचा तर कोणत्या सांकेतिक पद्धतीने हे विचारात घ्यावंच लागणार. दोन्ही जोडायला गेलात तर इंग्रजी असो की मराठी, एररच. मराठीवर काम करणाऱ्याला यात न्याय मिळाला असं मी म्हणेन. पण ज्यांचा कोड नेटवर्कवरून, फाइलींतून, उपकरणांतून येणाऱ्या बाइटवर उभा होता, त्यांच्यासाठी हा बदल म्हणजे प्रत्येक ओळ तपासणं होतं. प्रिंटचे कंस यंत्र घालू शकतं. ‘ही माळ मजकूर आहे की माहिती?’ हे यंत्राला कळत नाही, ते लिहिणाऱ्यालाच माहीत असतं, आणि बऱ्याचदा त्यानेही ते कधी ठरवलेलं नसतं.

म्हणूनच स्थलांतर रखडलं. त्यात ३.० स्वतः फारसं आकर्षक नव्हतं. त्याच अधिकृत लेखात कबुली आहे की पायस्टोन या वेगचाचणीत ते २.५ पेक्षा सुमारे १० टक्के हळू चालतं. फाइल वाचण्या-लिहिण्याची नवी व्यवस्था बरीचशी पायथनमध्येच लिहिलेली होती, ती जून २००९ मध्ये ३.१ च्या वेळी सीमध्ये पुन्हा लिहावी लागली. आपल्या क्षेत्रातली गोष्ट तर आणखी सरळ आहे: नमपाय नाही तर पायथन नाही. नमपाय ३ वर चालायला २०१० उजाडलं, सायपाय त्यानंतर २०११ मध्ये आलं. मॅटप्लॉटलिब २०१२ अखेरीस. तोपर्यंत कुठल्या संशोधकाने पायथन ३ वर यायचं म्हटलं असतं तरी येऊन करणार काय? दरम्यान जुलै २०१० मध्ये २.७ आलं, चांगलं स्थिर, आणि लोक त्यावर मांडी घालून बसले.

मूळ योजना अशी होती की कोड २ मध्ये लिहा, टू-टू-थ्रीने ३ मध्ये बदला, हळूहळू २ सोडून द्या. प्रत्यक्षात लोकांनी वेगळाच रस्ता काढला. दोन्हींवर चालेल असा एकच कोड ते लिहायला लागले, आणि त्यासाठी सिक्स नावाची छोटी लायब्ररी सगळीकडे पसरली. दोन गुणिले तीन सहा, म्हणून सिक्स. योजना कागदावर एक आणि वापरणाऱ्यांची वाट दुसरी, हे इतिहासात नवीन नाही. नवीन आहे ते हे की भाषेनेच पुढे वापरणाऱ्यांचं ऐकलं. अवतरणचिन्हाआधीचा ‘यू’ ३.० मधून काढला होता, तो २०१२ मध्ये ३.३ त परत आला. त्याचा अर्थ काहीच नाही, फक्त जुना कोड तसाच्या तसा चालावा म्हणून. बाइटवर टक्क्याच्या चिन्हाने रचना करण्याची सोय काढली होती, ती २०१५ मध्ये ३.५ त परत आली. माझा अनुभव असा की एखाद्या आवृत्तीत काय आलं यापेक्षा, काय काढलं आणि मग गुपचूप परत ठेवलं, हे शोधलं की तिची खरी गोष्ट हाती लागते. त्या ‘यू’साठी लिहिलेला पेप ४१४ जरूर वाचा. मूळ योजना कुठे चुकली याची चर्चा त्यात भाषेच्याच माणसांनी केलेली सापडते.

२.७ ला आधी २०१५ पर्यंत आधार मिळणार होता. २०१४ मध्ये ती मुदत २०२० पर्यंत वाढवली. १ जानेवारी २०२० ला अधिकृत आधार संपला, एप्रिलमध्ये २.७.१८ ही शेवटची आवृत्ती निघाली. म्हणजे एका आवृत्तीचा बदल पचायला सुमारे अकरा वर्षं लागली. पीएचडीच्या हिशेबात दोन पिढ्या. तुमच्या लॅबच्या सर्व्हरवर ‘जुने’ नावाच्या फोल्डरमध्ये जे काही आहे, ते बहुतेक या अकरा वर्षांतलंच असणार.

आणि त्या फोल्डरमध्ये भागाकाराखेरीज आणखीही गप्प बसलेले बदल आहेत. पायथन २ मध्ये २.५ पूर्णांकात आणले की ३ यायचे, पायथन ३ मध्ये २ येतात, कारण बरोबर मध्यावरची संख्या आता जवळच्या सम संख्येकडे जाते. दशांश तोडून केलेल्या तक्त्यांत शेवटचा अंक हलतो तो बऱ्याचदा यामुळे. यादृच्छिक संख्यांचं तर विचारूच नका. सीड तोच दिला तरी ठरावीक मर्यादेतला पूर्णांक निवडण्याची पद्धत ३.२ मध्ये बदलली, त्यामुळे २.७ वर निवडलेला नमुना आणि आजचा नमुना जुळत नाही. ‘आम्ही सीड दिलेला आहे’ असं लिहून निर्धास्त झालेल्यांनी हे लक्षात घ्यावं. याउलट काही बदल असे की त्यांनी जुना गप्पपणा मोडला. पायथन २ ला रिकामी नोंद आणि संख्या यांची तुलना चालायची, रिकामी नोंद सगळ्यांत लहान समजली जायची. किमान तापमान काढायला गेलात आणि एक नोंद नसेल, तर उत्तर म्हणून ती ‘नसलेली’ नोंदच यायची, आणि नोंदी क्रमाने लावल्या तर ती निमूट सगळ्यांत वर जाऊन बसायची. पायथन ३ तिथे एरर देतं. अशी एरर आली की चिडू नका, मूळ प्रबंधातला तो आकडा आधी तपासा.

फ्रान्समधले कॉनराड हिन्सेन आणि निकोला रुजिए हे दोन संशोधक रीसायन्स सी हे नियतकालिक चालवतात. त्यांनी काही वर्षांपूर्वी एक आव्हान मांडलं होतं: दहा वर्षं किंवा त्याहून जुना तुमचाच शोधनिबंध घ्या, त्याचा तुमचाच कोड चालवून दाखवा. दुसऱ्याचा नव्हे, स्वतःचा. हिन्सेन पायथनमधल्या संख्यागणिताच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी. ते आव्हान वाचताना मला आमच्या त्या प्रबंधाच्या लेखकाबद्दलचा राग जरा कमी झाला. त्याने काही लपवलं नव्हतं. पायथनची आवृत्ती लिहायची राहिली, एवढंच. त्या काळात ती कुणीच लिहीत नव्हतं, कारण पायथन म्हणजे पायथन.

व्यवहाराचं सांगायचं तर, जुनी स्क्रिप्ट हातात आली की ती लगेच ‘दुरुस्त’ करू नका. आधी २.७ वर जशीच्या तशी चालवा आणि जुना आकडा येतो का ते बघा. तो आल्याशिवाय पुढे जायचं नाही. २.७ ला सुरू करताना ‘उणे तीन’ हा पर्याय देता येतो. मग पूर्णांकी भागाकार जिथे होतो तिथे ते इशारा देतं. त्यानंतर एकेक बदल वेगळा करून चालवा. मी सगळे कंस एकदम घातले आणि थेट ३ वर उडी मारली, म्हणून दोन दिवस गेले.

आता त्या तिसऱ्या उत्तराचं, अडीचचं. ते मात्र पायथन ३ ही देत नाही. त्याच्या लेखी काना आणि वेलांटी हे स्वतंत्र घटक आहेत. ‘ठी’ दोन, ‘क्षी’ तर चार. मराठी माणूस ज्याला अक्षर म्हणतो ते मोजायचं तर युनिकोडमधले घटक नियमाने एकत्र बांधावे लागतात, आणि जोडाक्षरांपाशी ते नियमही वादाचे होतात. गाइडना मी तिन्ही आकडे दाखवले. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ कागदाकडे पाहिलं आणि विचारलं, ‘मग मूळ प्रबंधातला निष्कर्ष टिकतो का?’ कथा आणि वर्तमानपत्रं यांच्यातली तुलना टिकते, कारण बाइट दोन्हीकडे तिप्पटच आहेत. पण इंग्रजीशी केलेली तुलना टिकत नाही. मराठी शब्द इंग्रजी शब्दाच्या दुपटीहून लांब असतो असं त्यात म्हटलं होतं, ती लांबी यूटीएफ-८ ची होती.

माझ्या प्रकरणात आता त्या तक्त्याच्या जागी तीन स्तंभ आहेत, बाइट, युनिकोड घटक आणि अक्षरं, आणि खाली पायथनची आवृत्ती लिहिलेली टीप. तिसऱ्या स्तंभासाठी जोडाक्षरांचे नियम मी सध्या हाताने तपासतोय. ‘र्‍या’ वर अडकलोय.